रिकाम्या जागी शून्य नको

"इथे शून्य कोणी लिहिलं?" ताई पेनाच्या टोपणाने माझ्या स्क्रीनवर टकटक करत विचारायच्या. शून्य मीच लिहिलेलं असायचं.

ख्राइस्टचर्चच्या विद्यापीठात आम्ही दोघं एकाच खोलीत पीएचडी करत होतो. मी पुण्याहून शिक्षण संपवून थेट आलेला; त्या नाशिकच्या कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवून, चाळिशी ओलांडल्यावर आलेल्या. नदीला पूर कधी येईल याचं मॉडेल त्या संगणकावर बांधत होत्या. पाण्याची पातळी नदीकाठच्या यंत्रांकडून कळायची. पण मोठा पूर आला की यंत्रच वाहून जायचं, आणि नेमक्या त्या दिवसांच्या जागा रिकाम्या राहायच्या.

एकदा मदत म्हणून मी त्या सगळ्या जागांत शून्य भरून मॉडेल चालवलं. ऐन पुराच्या दिवशी नदी कोरडी ठणठणीत निघाली. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे बाबा, तिकडे पूल बुडाला आणि तुझ्या नदीत ढेकळं! शून्य म्हणजे मोजलं आणि काही नव्हतं. रिकामं म्हणजे माहीत नाही. कुणी गप्प झालं की आधी विचार, का गप्प झालं?"

हे त्यांचं पालुपद. आमचे गाइड जँडल्स नावाच्या रबरी चपला फटफटवत यायचे, काम बघायचे आणि झकास या अर्थाचं "स्वीट ॲज" म्हणून निघून जायचे. ताई मागून पुटपुटायच्या, "स्वीट ॲज काय? यांच्या वाक्यातही डेटा मिसिंग."

विद्वान माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती डबा खाताना कशी असतात ते पाहावं. आमची जेवायची वेळ म्हणजे नाशिकला ताईंच्या आईचा सकाळचा चहा. मी त्यांना आजी म्हणायचो. ताई फोन डब्याला टेकवून उभा करायच्या, की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: "काय आणलंय डब्यात?" दुसरा: "पुस्तक झालं का?" प्रबंधाला आजी पुस्तक म्हणायच्या. "होतंय गं," ताई म्हणायच्या. मग मलाही डबा दाखवावा लागे. माझे रोजचे टोस्ट पाहून आजी हळहळायच्या.

प्रबंध द्यायला महिनाभर उरला असताना फोन थांबला. ताईंच्या भावाने कळवलं, आईचा फोन बिघडलाय, बाकी सगळं ठीक, तू सबमिट कर. ताईंनी मेसेज मला वाचून दाखवला. "दादा शून्य लिहितोय," म्हणाल्या, आणि तिकीट काढलं.

गाइडनी समजावलं, एवढं संपवून जा. ताई "येस, येस" म्हणत लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिल्या.

विमानतळावर मीच सोडलं. परतताना मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. डेअरीत थांबून दूध घेतलं, घरी येऊन कपडे मशीनला लावले.

भावाचा हेतू वाईट नव्हता. आजींना अर्धांगवायू झाला होता, वाचा गेली होती. ताईंचा एकच मेसेज आला: "आई ओळखते. बोलत नाही." त्यानंतर ताईही गप्प झाल्या. प्रबंधाची मुदत एकदा वाढली, पुन्हा वाढली. त्यांच्या टेबलावर कुणीतरी सायकलचं हेल्मेट ठेवायला लागलं. मी ते पाहायचो आणि कामाला लागायचो.

काल गाइड दारात आले. शुक्रवारनंतर मुदत वाढणार नव्हती. नाव रद्द होणार होतं.

"सो, दॅट्स अ नो फ्रॉम हर?"

"नो नाही," मी इंग्रजीत सांगितलं. "उत्तर आलेलं नाही."

"मग तूच विचार एकदा."

आज जेवणाच्या वेळी फोन लावला. वाटलं नव्हतं, पण उचलला गेला. स्क्रीनवर आजी होत्या, उशीला टेकलेल्या. ताईंचा फक्त हात दिसत होता, चमच्याने चहा पाजणारा.

"ताई, शुक्रवार शेवटचा. काय सांगू त्यांना?"

चमचा थांबला. मग चमचा पुन्हा कपात गेला. आजी माझ्याकडे एकटक पाहत होत्या. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मी फोन डब्याला टेकवून उभा केला, झाकण काढलं आणि म्हणालो, "आज पोळी आणलीय, आजी. आणि बटाट्याची भाजी."