हेल्मेटला लागलेली हळद

खंडेनवमीला आमच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरात जे जे राबतं त्याची पूजा होते. लॅपटॉप, गाडी, गवत कापायचं मशीन, बर्फ ढकलायचं फावडं, सगळं. पूजा नवरा करतो, आणि एकदा सुरू झाला की समोर काय आहे ते बघत नाही.

गेल्या वर्षी लेक कॉलेजातून घरी आली ती हेल्मेट घेऊन. तिच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमला नवं हेल्मेट हवं होतं, आणि डिझाइन शिकणाऱ्या मुलांची स्पर्धा लावली होती. तिने आम्हाला जुने फोटो दाखवले. आधी नुसतं चामड्याचं टोपडं, मग निळं, मग त्यावर पट्टे, मग भलंमोठं अक्षर, मग इतकं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. हिने सगळं काढून टाकलं होतं. पांढरं, बिनचमकीचं, मधोमध एक बारीक निळी रेघ. त्यासाठी पोरगी महिनोन्‌महिने खपली होती, आणि खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी ते कोचला दाखवायचं होतं.

नवमीला सकाळी ती खाली आली तर हेल्मेट फावड्याशेजारी, आणि त्याच्या कपाळावर ओल्या हळदीचं ठसठशीत बोट.

"बाबा! व्हॉट डिड यू डू?"

"अगं, तुझं हत्यारच ना ते?"

"इट्स नॉट अ हत्यार! सँपल आहे ते!"

पुसायला गेली तर पिवळं आणखी पसरलं. ती रडायलाच लागली. मी नवऱ्याला जे बोलले ते सणासुदीला बोलू नये.

मग आठवलं, हळद उन्हात उडते. हेल्मेट घरामागच्या डेकवर ठेवलं. पण इथलं ऑक्टोबरचं ऊन ते केवढं! नवरा दिवसभर खुर्ची घेऊन उन्हामागे सरकत राहिला, वाळवणाची राखण करावी तसा. जेवलाही तिथेच. संध्याकाळपर्यंत डाग गेला. लेकीने त्याला चहा नेऊन दिला, आणि हेल्मेट उचलून थेट आपल्या खोलीत नेलं.

डिझाइन निवडलं गेलं. यंदा टीव्हीवर सगळी टीम ती पांढरी हेल्मेटं घालून मैदानात धावली, तेव्हा नवरा चक्क सोफ्यावर चढून ओरडला.

यंदाच्या खंडेनवमीला लेक पुन्हा एक हेल्मेट घेऊन आली, मॅचमध्ये वापरलेलं. अंगभर ओरखडे, समोरच्या टीमचा लाल रंग घासलेला, निळी रेघ एका जागी उडालेली. तिने स्वतःच ते फावड्याशेजारी मांडलं. नवऱ्याने लांबूनच फूल वाहिलं आणि हात मागे घेतला.

लेकीने हळदीची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"लाव ना, बाबा. नाऊ इट्स अ हत्यार."