कुलपाला घातलेला हार

दसऱ्याला जिनिंगच्या यंत्राला झेंडूचा हार आमच्या घरून जायचा. आम्ही माळी, अमरावतीच्या वेशीबाहेर दुसऱ्याचा मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं करायचो. माझा थोरला भाऊ त्याच कारखान्यात मिस्त्री, कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर. म्हणून माय त्या हाराची फुलं अशी निवडायची, जसा काही तो जावयाच्याच गळ्यात पडणार होता.

कारखान्याचे मालक वकील. आपला कापूस, आपले कारखाने, आपल्या पोरांना काम, हे सभेत बोलले की टाळ्या थांबायच्या नाहीत. भावाला म्हणाले होते, मळ्याच्या चिखलात काय ठेवलंय, पुढचा जमाना कारखान्याचा. भावानं ऐकलं. बाबांना एकट्याला झेपेना, त्यांनी अर्धा मळा सोडून दिला.

त्या दसऱ्याला पूजा थाटात झाली. साहेबांनी नारळ फोडला, हसत हसत भावाच्या हातावर पेढा ठेवला. दुसऱ्या दिवशी भाऊ भाकर बांधून गेला, तर फाटकाला कुलूप. कितीतरी दिवस आम्ही भोंग्याकडे कान लावून बसलो.

मग अकोल्याच्या एका दलालाकडून कळलं. कारखानदारांनी आपसात ठरवलं होतं, थोड्यांनी चालवायचं, बाकीच्यांनी बंद ठेवायचं, सरकी काढायचा दर चढवायचा आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आमचे साहेब बंदवाल्यांत. आणि हे ठरलं होतं पूजेच्या आधी! म्हणजे मेल्याला नारळ फोडतानाही माहीत होतं. आजही तो पेढा आठवला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

भाऊ पार परतवाड्यापर्यंत फिरून आला. कुठंच काम नव्हतं. सोडलेला मळा केव्हाच दुसऱ्यानं धरला होता.

पुढच्या दसऱ्याला साहेबांचा गडी हार मागायला आला. कारखाना बंद, पण पूजा पाहिजे! बाबा त्याला हाकलणारच होते, तर भाऊ म्हणाला, देऊ. त्यानं स्वतः हार ओवला, स्वतः नेला. मी मागोमाग गेले. साहेब किल्ली घेऊन फाटकाशी उभे होते. भावानं हार कुलपाला घातला.

"यंत्रानं तं वर्षभर काईच केलं नाई, साहेब," तो म्हणाला. "तुमाले हे कुलूपच कमावून देऊन राहिलं. पूजा याची करा."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी हार काढला, कुलूप उघडलं, आत जाऊन तोच हार यंत्राला घातला. बाहेर येऊन भावाच्या हातावर पेढा ठेवला, मागच्या वर्षीसारखंच हसत.

भाऊ मूठ मिटून घरी आला. अंगणात त्यानं मूठ उघडली, तेव्हा पेढ्याचा पार चुरा झाला होता.