मॉनिटर ऐंशीवर नेला ती दुपार

लातूरला क्लास लावलेल्या माझ्या धाकट्या भावाला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेला कमी मार्क पडले आणि त्याच महिन्यात माझं कॉलेज सुटलं. मी निलंग्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील म्हणाले, "मेसचं खाऊन त्याचं पोट बिघडायलंय. एक वर्षाचा तर प्रश्न हाय. तू लातूरला जाऊन त्याला करून घाल." मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, हेही खरं.

क्लासच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. भाऊ सकाळी सातला डबा घेऊन निघायचा, तो दिवेलागणीला परत यायचा. जेवला की रेकॉर्ड केलेली लेक्चरं बघायचा. त्यासाठी मावसभावानं त्याचा जुना कॉम्प्युटर दिला होता, आणि त्यात त्याचा एक बंदुकांचा गेम तसाच राहून गेला होता.

माझं धुणं, भांडी, स्वयंपाक अकराला उरकायचं. पुढं संध्याकाळपर्यंत त्या खोलीत मी आणि पंखा. एक दिवस कंटाळून तो गेम उघडला. पहिले पंधरा दिवस नुसती मरत होते. मग मारायला लागले. पाचजणांच्या टोळीत खेळायचं असतं. मला चार जण मिळाले. माइक मी कधी लावला नाही. बाईचा आवाज ऐकला की पोरं कशी बोलतात, ते मी आधीच ऐकलं होतं. मी टाइप करून उत्तर द्यायचे आणि ते मला 'भाऊ' म्हणायचे.

त्यातला एक हदगावचा होता. एकदा तो वैतागून म्हणाला, "भाऊ, तू साठवरच खेळून राहिला का? समोरचा तुला दिसेपर्यंत तू मरतो ना!"

स्क्रीन सेकंदाला साठ वेळा नवं चित्र दाखवते आणि तो आकडा वाढवता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंच सगळं सांगितलं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जायचं, आकडा थोडा वाढवायचा, तपासायचं. स्क्रीन काळी पडली तर हात लावायचा नाही, पंधरा सेकंदांत आपोआप जुन्यावर येते. मी सहासष्ट केले. काळी झाली नाही. सत्तर, बहात्तर, मग पंचाहत्तर. माउस हलवला तर चित्र कसं पाण्यासारखं सरकलं. खोलीत एकटीच होते तरी मोठ्यानं हसले. लातूरला आल्यापासून माझ्या हातून झालेलं, आणि पोळीभाजी नसलेलं, ते पहिलं काम होतं. भाऊ यायच्या आधी मी आकडा परत साठवर आणून ठेवायचे.

एप्रिलमध्ये आमच्या टोळीनं एका ऑनलाइन स्पर्धेत नाव दिलं. दोन सामने जिंकलो. तिसरा रविवारी दुपारी होता आणि भावाची त्या दिवशी सराव परीक्षा होती. मी हावरटपणानं मॉनिटर ऐंशीवर नेला. सकाळी नीट चालला. दुपारी उकाड्यात मॉनिटर तापला आणि चित्र कडेनं थरथरायला लागलं. सामना सुरू झालेला, थांबता येत नव्हतं. मी तशीच खेळत राहिले.

आमच्या घरात दाराला कडी लावत नाहीत. आई दहा वर्षांची असताना भूकंपात त्यांचं दगडामातीचं घर पडलं. आजोबांना आतून कडी सापडेना, आणि आईची धाकटी बहीण आतच राहिली. तेव्हापासून आई जिथं असेल तिथं दार नुसतं लोटलेलं. मलाही तीच सवय.

त्या दुपारी आई न कळवता आली, पिठाची पिशवी घेऊन. कानावर हेडफोन होते, मला चाहूल लागली नाही. तिनं दार ढकललं आणि समोर ते थरथरणारं चित्र पाहिलं. तिनं माझा दंड असा धरला की बोटांचे वळ उठले. "बाहेर! बाहेर चल!" हेडफोन ओढले गेले, खुर्ची पडली. मला फरफटत जिन्यावरून खाली नेऊन तिनं गल्लीच्या मधोमध उभं केलं. समोरच्या गॅलरीत पोरं वाकून बघत होती. आई वर, भिंतींकडं बघत होती.

"आई, काही हललं नाही. मॉनिटर आहे तो. मीच त्याचा आकडा वाढवला होता."

तिला ते समजायला वेळ लागला. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "दिवसभर हेच करायलीस का?"

"मग काय करू? स्वयंपाक अकराला होतो."

 ती चहासुद्धा न घेता संध्याकाळच्या बसनं परत गेली. घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. सामना आम्ही हरलो होतो. मी हदगावच्याला लिहिलं, लाइट गेली होती.

जूनमध्ये निकाल लागला. भावाचं पुन्हा झालं नाही. वडील आईला घेऊन खोली आवरायला आले, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्यांना तो गेम दिसला. "हे कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

भाऊ पुस्तकांचा गठ्ठा बांधत होता. त्यानं मान वर केली नाही. त्यानं गेमला कधी हात लावला नव्हता; ते तो सांगू शकला असता. आईही दारात उभी होती. पुढं नातेवाइकांत एकच ठरलं, की बहिणीच्या गेमपायी पोराचं वर्ष गेलं. कॉम्प्युटर मावसभावाकडं परत गेला. माझं कॉलेज परत सुरू झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी नांदेडला आले.

भाऊ आता औषधाच्या दुकानात बसतो. मागच्या दिवाळीला तो माझ्याकडं आला होता. माझी मुलगी झोपली होती, तिच्याकडं बघत तो म्हणाला, "ताई, तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुझ्यावर गेलं म्हणून."

मला राग यायला हवा होता. पण त्याचे केस कानशिलावर पांढरे झाले होते, पंचविशीतच. मी म्हणाले, "माहीत होतं मला," आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. तो जेवून गेला.