प्लायवुडचं देवघर

ओल्या प्लायवुडचा वास आला की धामनोदजवळचं शूटिंग आठवतं. धरणात बुडालेल्या गावावरची मालिका होती. गर्दी मी जमवलेली. अर्धा धार जिल्हा माझ्या शिट्टीवर रडायचा म्हणा ना! त्याच बुडालेल्या गावची एक काकी सेटवरच्या खोट्या घराचा उंबरठा रोज पुसून हळदकुंकू वाहायची. शेवटी टँकरचं पाणी सोडून घर बुडवायचं होतं. काकी मला म्हणाली, "भिया, ज़रा रुक. इस बार तो देव निकाल लेने दे. पिछली बार अंदरच रह गए." आत रिकामा कोनाडा होता. भरलेली ओंजळ धरावी तशी ती बाहेर आली. कॅमेरा चालूच होता. दिग्दर्शक ओरडला, "काय अ‍ॅक्टिंग!" टाळ्या पडल्या, सगळ्यांत मोठी माझी. आता तो भाग लागला की घरचे हाका मारतात, "या, तुमची काकी आली!" मी आंघोळ करतोय म्हणून सांगतो आणि न्हाणीघरात कोरडाच उभा राहतो.