वजनदार मीटर

"भाऊ, रेडिओ वाजना! आते वावरमा मोटरनी लाईट मोजस," रेडिओ वाजल्याच्या खुशीत एवढं सांगून नानांनी फोन ठेवला. परत लावला तर उचलेनात.

मी तसाच उठून गाडी काढली. नानांच्या हातातला वीज तपासायचा मीटर मीच विकला होता. त्याच्या पोटात काय आहे, हेही मला माहीत होतं.

धुळ्यात माझं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नाना जवळच्या गावचे रिटायर्ड मास्तर. रेडिओ जुळवायचा छंद लागला, म्हणून आले. मी पंचवीस वॉटचं, पेन्सिलसारख्या टोकाचं सोल्डरिंग आयर्न दाखवलं. छोट्या सर्किटला तेवढी उष्णता पुरते. नानांनी ते हातात तोललं आणि शंभर वॉटचं धूड मागितलं. त्याने बादलीला डाग द्यावा. पहिला रेडिओ भाजूनच निघाला. सर्किटवरच्या तांब्याच्या रेघा पापडासारख्या सुटल्या. मग पंचवीसवालं नेलं.

मीटरचंही तेच, नानांनी जडच नेला. आपल्याकडे मीटर कलिंगडासारखा निवडतात, हातात तोलून. बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. दुरुस्तीला आलेला तसला एक मीटर मी उघडला होता. आत लोखंडी पट्टी, निव्वळ वजनाला. फ्यूजच्या जागी साधी तार. बाहेर मात्र '१००० व्होल्ट' ठसठशीत. मी स्क्रू आवळले आणि तसलेच मीटर विकत राहिलो. खपणारा माल उघडून बघू नये, हा आमचा सुविचार.

मीटरला करंट मोजायचं वेगळं भोक असतं. वायर त्यात विसरून व्होल्टेज मोजायला गेलात, की सरळ शॉर्टसर्किट. चांगल्या मीटरात फ्यूज जळतो. याच्यात मीटरच हातात फुटणार. रेडिओच्या सेलवर एक ठिणगी उडेल. पण मोटरीच्या थ्री-फेजवर? गाडी हाणताना मला नानांचे डोळेच दिसत होते.

नाना स्टार्टरच्या उघड्या पेटीसमोर, मीटरच्या वायरींची टोकं टेकवून बसलेले.

"नाना, हात काढा!"

"वरडू नको. लाईटच नही शे. वाट दखी राहिनू."

वायर करंटच्याच भोकात होती. सकाळी सेलचा करंट मोजला, तशीच. माझं एवढं ज्ञान, पण नानांना वाचवलं लोडशेडिंगने.

बांधावर बसून मी मीटर उघडला. पट्टी दाखवली, तार दाखवली.

"तुले माहीत व्हतं?"

"हो, नाना."

"तरी मले इका?"

"तुम्हाला जड हवा होता."

नानांनी तार बोटाने वाकवून पाहिली. मग म्हणाले, "शाळामा पोरंसले रोज सुट्टी पाहिजे व्हती. मी दिधी का?"

या वेळी मी स्क्रू आवळले नाहीत.

नानांना फ्यूजवाला मीटर दिला. दुकानातले जड मीटर फोडून भंगारात घातले. विकलेल्यांपैकी काही शोधून बदलून दिले. बाकीचे आज कुठल्या पेटीसमोर उभे आहेत, मला माहीत नाही. लाईट गेली की आता मला जरा बरं वाटतं.

हल्ली मी प्रत्येक मीटर काउंटरवर उघडून दाखवतो. हा फ्यूज, हे याचं काम. गिऱ्हाईक वाकून बघतं, मान डोलावतं, पटलं म्हणतं. मग मी झाकण लावतो आणि गिऱ्हाईक तो हातात घेऊन तोलतं.

"भाऊ, यात जरा जड नाही का?"