चिकटलं म्हणजे गिळलं नव्हे

मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी मामू डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवत आणि काचेवरच्या पेशींना विचारत, "काय भाऊ, काय चालू हाय?" एरवी कोणाशी फारसं न बोलणारा हा माणूस त्या जिवांशी मात्र घरच्यासारखा बोलायचा. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. उंदरांना खाऊ घालणं, काचसामान धुणं, स्लाइड रंगवणं ही त्यांची कामं. शिक्षण दहावी नापास. पण स्लाइड रंगवावी तर मामूंनीच, हे आमचे सरही मान्य करत.

माझ्या पीएच.डी.चा विषय मी त्यांना पहिल्यांदा सांगितला तेव्हा ते बाटल्या विसळत होते. परजीवीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचा थर असतो. शरीरातल्या भक्षक पेशी त्या साखरेवरून त्याला ओळखतात, धरतात आणि गिळून टाकतात. मी सरड्यात राहणारा, माणसाला न बाधणारा एक परजीवी घेतला होता. उंदराच्या पेशींपुढे तो सोडायचा आणि किती गिळले ते मोजायचं. मग तशीच सुटी साखर बशीत ओतायची, म्हणजे पेशींचे हात तिच्यातच गुंततात आणि परजीवी निसटतो. मामूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे वळख पटते साखरेनं. पण वळख पटली म्हून कोनी लगेच घरात थोडीच घेते, बेटा?" मी ते हसण्यावारी नेलं.

तीन वर्षं मी मोजत होते. प्रबंध टाइप होऊन तयार होता. अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कॉलेजात जागा निघाली होती, पण पदवी हातात असेल तरच. आईनं माझी खोलीसुद्धा आवरून ठेवली होती. शेवटच्या एका फोटोसाठी मामूंनी स्लाइड लावली, टोपी काढली, आणि बराच वेळ बारीक चाक पुढं-मागं फिरवत राहिले.

"बेटा, हे आत नाई. वर बसून हाय."

मामू अंजनगाव सुर्जीचे, पानमळेवाल्यांच्या घरातले. लहानपणी विड्याची पानं निवडून निवडून त्यांची नजर तयार झालेली. पानावरचा डाग वर बसलेल्या मातीचा की आतून लागलेल्या रोगाचा, हे ते पान न पुसता सांगत. त्यांनी मला चाक फिरवून दाखवलं. पेशी धूसर झाली, तरी परजीवी स्वच्छ दिसत राहिला. तो पेशीच्या पाठीवर होता. दुसराही तसाच. तिसराही. चिकटलेले सगळे मी गिळलेल्यांत धरले होते.

"मामू, कोणाले सांगू नका," मी म्हटलं.

"मी काहून सांगू? तुयं काम हाय. तू पाह्य." एवढं बोलून ते उंदरांना दाणे टाकायला गेले.

त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं.

पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. अमरावतीचा उन्हाळा, कूलरमधलं पाणी सारखं आटायचं, आणि त्या वर्षी रोजे नेमके मे महिन्यात आले होते. घशाला कोरड पडलेली असताना मामू माझ्याशेजारी बसत आणि एकेका परजीवीपुढे "आत" किंवा "वर" एवढंच म्हणत. शेवटी निघालं ते इतकंच : साखरेमुळे पेशी परजीवीला ओळखते आणि धरते हे खरं, पण धरलेल्यांतले गिळलेले फारच थोडे. प्रबंध बारीक झाला आणि विद्यापीठात वर्षभर उशिरानं गेला. तोवर अकोल्याची जागा भरली होती.

तेव्हापासून मी तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी अकोला, दुपारी मूर्तिजापूर. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा आणि बोलावतात का याची वाट बघायची. आता थकायलाही कंटाळा येतो.

जागा गेल्याचं कळलं तेव्हा मामू म्हणाले, "मी बोललो नसतो त बरं झालं असतं." त्यानंतर ते स्लाइड रंगवत, पण मायक्रोस्कोपला डोळा लावत नसत. कोणी आग्रह केलाच तर "डोये गेले आता" म्हणत. डोळे काही गेले नव्हते. उंदराच्या कानामागची ऊ त्यांना दारातून दिसायची.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी अमरावतीला गेले, तेव्हा त्यांनी मला कॉलेजच्या फाटकापाशी थांबवून विचारलं, "बेटा, मायावर राग त नाई ना तुया?"

"राग काहून येईन, मामू?" मी घाईघाईनं म्हटलं. राग होता. बरीच वर्षं होता. कधी ओसरला ते माझं मलाच कळलं नाही. अंजनगावला जाऊन एकदा हे सांगून यावं असं मनात होतं, पण तास बुडवायचे कसे म्हणून दरवेळी पुढं ढकललं.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मामू गेले होते.

"शेवटपर्यंत तुमचंच इचारत होते, नोकरी लागली का म्हून," ती म्हणाली. "त्याइच्या जीवाले बरं वाटावं म्हून आमी सांगितलं, लागली. त अब्बा म्हने, नीट पाहून सांगा."

नोकरी लागली नाही, पण माझ्या मनातला राग गेला, एवढं खरं त्यांना सांगायचं राहून गेलं. ते दुसरं कोणी सांगू शकलं नसतं.