दुरुस्तीसह मंजूर

केजजवळच्या आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन वार्षिक सभा अशी झपाट्यानं उरकत, की मागचा माणूस बूड टेकवेपर्यंत आभारही मानून होत. "सर्वानुमते मंजूर!" हे ते घसा खाकरावा तसं म्हणत. दुष्काळात आमच्या दुधात पाणी सापडलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्याच अभिनंदनाचा ठराव केला. गावातच थेंब नव्हता, मिसळणार काय!

पुढं त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, इलाज उरला नाही. एक सेवाघर आहे, तिथं दुखणं कमी करतात, अखेरपर्यंत सांभाळतात.

"मला मरायला टाकता का बे?" चेअरमन आमच्यावर गरजले. पण तिथली नर्स घरी येऊन औषध देऊन गेली आणि कळांनी तळमळणारा हा माणूस असा झोपला, की घोरणं पाटोद्यापर्यंत गेलं असेल.

सकाळी त्यांनी आम्हाला बोलावून खाटेभोवती सतरंजीवर बसवलं. "ठराव असा हाय, का सलाईन, सुया बास. मला सेवाघरात न्यावं."

आम्ही सवयीनं हात वर केले. वहिनींचा हात पदराखालीच राहिला. आता "सर्वानुमते" येणार म्हणून मी सतरंजी गुंडाळायला लागलो. पण चेअरमन थांबले.

"तुझं काय म्हणणं हाय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी बी तिथं तुमच्यासंगं राहणार. तेवढं घाला ठरावात."

त्यांनी स्वतःचाही हात वर केला. मग म्हणाले, "दुरुस्तीसह मंजूर."

ठरावात दुरुस्तीही करता येते, हे आम्हा सभासदांना त्या दिवशी कळलं.